बोली कोणाची, भाव कोणाचा?

बाजार समितीच्या आवारात एकाच सकाळी, जवळजवळ एकाच प्रतीच्या मालाच्या दोन ढिगांना दोन निराळे भाव मिळावेत आणि त्याचे कारण धड विकणाऱ्यालाही सांगता येऊ नये, धड घेणाऱ्यालाही, हा अनुभव खानदेशातील शेतकऱ्याला नवा नाही. दोंडाईच्याची मिरची असो, धुळ्याचा कांदा असो की जळगावच्या दालमिलकडे जाणारी तूर असो, पहिली बोली आणि शेवटची बोली यांच्या दरम्यान काय घडेल हे दैवाधीन मानण्याची वृत्ती येथे पिढ्यान् पिढ्या रुजली आहे. आता ढिगाभोवतीच्या घोळक्याची जागा हळूहळू मोबाईलचा पडदा घेऊ लागला आहे. शेतमाल, बँकांनी जप्त केलेली घरे, बुडालेल्या संस्थांच्या जमिनी आणि घरातील जुन्या वस्तूदेखील संगणकावरील बोलीने विकल्या जात आहेत. साधन बदलले, भाव मात्र पूर्वीइतकाच लहरी राहिला. तेव्हा प्रश्न असा की, हा लहरीपणा लिलावाच्या स्वभावातच आहे, की तो कोणी निर्माण केलेला आहे?

उत्तर दुहेरी आहे आणि ते दुहेरी आहे हे न ओळखल्यामुळेच या विषयावरील बहुतेक चर्चा निष्फळ ठरते. अनिश्चिततेचा काही भाग अटळ, किंबहुना न्याय्य आहे. ज्या वस्तूची किंमत आधी ठाऊक असते तिचा लिलाव करण्याची गरजच पडत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशातील कापसाला कधी न ऐकलेले भाव आले. युद्ध संपताच ते कोसळले. सात समुद्रांपलीकडील घडामोडींचा अंदाज एरंडोल-पारोळ्याच्या कास्तकाराला यावा अशी अपेक्षा कोण करील? अशी अनिश्चितता बाजाराबरोबर येणारच. अनिश्चिततेचा दुसरा भाग मात्र मानवनिर्मित आहे. बोली लावणारे मोजके असणे, मालाची खरी माहिती दडलेली असणे, लिलाव कधी संपणार हे एकाच्या हाती असणे आणि विकणाऱ्याला परत फिरण्याची सोय नसणे या चार कारणांनी तो उत्पन्न होतो. ही चारही कारणे दूर करता येण्याजोगी आहेत.

रुमालाखालून पडद्यापर्यंत

एके काळी या प्रदेशात सौदे रुमालाखाली होत. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत बसे. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस व धान्याचे नियंत्रित बाजार आले. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजारांचा कायदा केला आणि पूर्व व पश्चिम खानदेश हे कापसाचे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांची आजची चौकट घातली गेली. या सर्व कायद्यांमागील सूत्र एकच होते : बोली उघड्यावर, सर्वांच्या कानांवर पडेल अशी व्हावी. रुमाल गेला ही सामान्य सुधारणा नव्हती.

तथापि उघडी बोली म्हणजे स्पर्धेची बोली नव्हे. ढिगाभोवती पाच व्यापारी उभे असतील आणि त्या पाचांचे आधीच संगनमत झाले असेल, तर हर्रास कितीही मोठ्या आवाजात झाला तरी निष्पत्ती रुमालाखालचीच असते.

लिलाव नको, सरकारनेच भाव ठरवावा, हाही मार्ग महाराष्ट्राने चोखाळून पाहिला. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. प्रतवारी करावी, ठरलेला भाव द्यावा आणि नफा झाल्यास शेतकऱ्याला वाटावा, ही कल्पना उदात्त होती. पण चुकारे रखडले, योजनेचा तोटा वाढत गेला आणि शेजारच्या राज्यांत भाव चढला की खानदेशातील कापूस रातोरात गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमा ओलांडू लागला. तीस वर्षांच्या अनुभवाने एवढे निश्चित शिकविले की, भाव बाजाराकडून काढून कागदावर लिहिल्याने अनिश्चितता नष्ट होत नाही. ती केवळ जागा बदलते. भावाची चिंता गेली, चुकाऱ्याची आली.

केळीची कथा आणखी बोलकी आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी देशभर जाते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हा माल नाशवंत आहे. व्यापारी शेतावर येतो, घड कापतो आणि भाव मात्र रावेर किंवा बऱ्हाणपूरच्या फलकाकडे बोट दाखवून ठरतो. त्या फलकावरचा भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांतील तफावत हे या पट्ट्यातील जुने दुखणे आहे. घड पिकू लागला की शेतकऱ्याला थांबता येत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. जेथे खरी बोलीच नाही तेथे अनिश्चितता कमी नाही, ती एकतर्फी आहे.

बोलीचे शास्त्र काय सांगते

लिलाव हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला; त्याचे शास्त्र मात्र अलीकडचे आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये त्याचा पाया घातला. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. २०२० मध्ये पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना याच विषयासाठी तो मिळाला. या शास्त्राचा एक निष्कर्ष बाजार समित्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वस्तूच्या खऱ्या किमतीचा अंदाज प्रत्येकाचा निराळा असतो आणि सर्वांत चढा अंदाज ज्याचा, तो लिलाव जिंकतो. म्हणजे जिंकणाऱ्याने बहुधा जास्तच मोजलेले असतात. अनुभवी व्यापाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो आपली बोली आधीच खाली ओढतो. मालाविषयी संशय जितका अधिक, तितकी ही ओढ अधिक. उलट, मालाची माहिती जितकी उघड व विश्वसनीय, तितके व्यापाऱ्याचे भय कमी आणि विकणाऱ्याचा लाभ अधिक.

याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. मिरचीतील ओलावा, कापसाच्या धाग्याची लांबी, तुरीतील खड्यांचे प्रमाण हे सारे लिलावापूर्वी तपासून जाहीर झाले, तर त्याचा पहिला फायदा शेतकऱ्यालाच होतो. राष्ट्रीय कृषी बाजार, अर्थात ई-नाम, ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यात ही पायरी मुद्दाम ठेवलेली होती : फाटकावर नोंद, मालाला क्रमांक, प्रयोगशाळेत गुणतपासणी, मग बोली, वजन आणि पैसे थेट खात्यात. सर्वोच्च बोली पसंत नसेल तर ती नाकारण्याचा अधिकारही शेतकऱ्याला आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०१४ पासूनच एकात्मिक बाजाराचा असा प्रयोग हाती घेतला होता.

पण यंत्राने पद्धत बदलते, माणसे बदलत नाहीत. गुणतपासणीची पायरी जेथे नावापुरती उरते, तेथे दूरच्या शहरातील व्यापारी न पाहिलेल्या मालावर बोली कशी लावणार? मग कालपर्यंत ढिगाभोवती उभे असलेले तेच पाच-सात जण आज मोबाईलवर बोटे फिरवितात. रुमालाच्या जागी पडदा आला, एवढाच काय तो फरक! संगणकीय बोलीचे यश पडद्यांच्या संख्येने मोजावयाचे नसून प्रत्येक ढिगावर स्वतंत्रपणे बोली लावणाऱ्यांच्या संख्येने मोजले पाहिजे.

लिलाव कसा संपतो यालाही तितकेच महत्त्व आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत ई-बे ही संकेतस्थळावरील लिलावपेढी सुरू झाली. तेथे लिलावाची वेळ घड्याळाच्या काट्यावर संपे. परिणामी जाणकार ग्राहक शेवटच्या क्षणापर्यंत मौन पाळीत आणि अखेरच्या काही सेकंदांत बोली टाकीत. इतरांना उत्तर देण्यास अवसरच राहत नसे. ॲल्व्हिन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, जेथे शेवटच्या मिनिटांत बोली आल्यास वेळ आपोआप वाढते, तेथे ही युक्ती फारशी चालत नाही. भारतातील बँका तारण मालमत्तेच्या लिलावात हाच वेळवाढीचा नियम सर्रास वापरतात. जुनी पुस्तके वा नाणी संगणकावर विकू पाहणाऱ्या शिक्षकापासून दहा क्विंटल हरभरा आणणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाने म्हणून प्रथम हे विचारले पाहिजे : ही बोली नेमकी केव्हा आणि कोणाच्या इच्छेने संपते?

परत फिरण्याचा अधिकार

आणि तरीही, बोली नाकारण्याचे सामर्थ्य नसेल तर बाकी सर्व सुधारणा व्यर्थ होत. भाड्याच्या ट्रॅक्टरमधून माल आणलेला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला आणि घरी साठवणुकीला जागा नसलेला शेतकरी भाव पसंत नाही म्हणून माल परत कसा नेणार? कायद्याने दिलेला नकाराचा हक्क परतीच्या भाड्यातच संपतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० च्या सुमारापासून अस्तित्वात आहे. गोदामात ठेवलेल्या धान्य-कडधान्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळण्याची तीत तरतूद आहे. ही योजना प्रत्येक समितीच्या फाटकावर, प्रत्येक हंगामात प्रत्यक्षात उपलब्ध असणे हे लिलाव सुधारण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. ज्याला थांबता येते त्याच्याच मालाला खरी बोली लागते.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा आहे, असे नोकरदार वर्गाने समजू नये. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेत असंख्य मध्यमवर्गीयांनी आयुष्याची पुंजी ठेवली होती. संस्था कोसळल्यावर २०१५ मध्ये अवसायक नेमण्यात आला. मालमत्ता विकून ठेवीदारांचे पैसे परत करणे हा त्यामागील हेतू. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मात्र या मालमत्ता कवडीमोलाने विकल्या गेल्याच्या आणि अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीत विकत घेऊन त्या व्यवहारांत वळत्या केल्या गेल्याच्या आरोपांवरून पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयांचे काम आहे. पण लिलावात मालमत्तेचा जो भाव निघतो तोच ठेवीदाराच्या निवृत्तीचा आधार असतो, हे सत्य त्या निवाड्यावर अवलंबून नाही. बँकांच्या तारण मालमत्तेसाठी २००२ च्या कायद्याखालील नियमांत पूर्वसूचना, राखीव किंमत आणि बोली मान्य होताच पंचवीस टक्के भरणा अशी बंधने आहेत. पतसंस्थांच्या अवसायनातील प्रत्येक विक्रीस याहून सैल नियम लावण्याचे काहीच कारण नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रत्येक लिलावानंतर किती जणांनी बोली लावली, पहिली व शेवटची बोली काय होती आणि मधले अंतर किती, हे त्याच दिवशी फलकावर व संकेतस्थळावर लागावे. गुणतपासणीची कामे प्रशिक्षित माणसांकडे असावीत. शेवटच्या क्षणाची बोली आल्यास वेळ वाढावी. अवसायनातील मालमत्तेचे मूल्यांकन, राखीव किंमत आणि खरेदीदाराचे नाव ठेवीदारांना विनाशुल्क पाहता यावे. ज्यांना मराठी वाचता येते आणि त्रैराशिक मांडता येते, अशा शिक्षकांनी व कारकुनांनी हे आकडे तपासण्याची सवय लावून घेतली, तर बाजार समितीच्या संचालकांवर त्यांचा धाक कोणत्याही निरीक्षकापेक्षा अधिक राहील.

भाव काय निघेल हे आधी सांगता येणार नाही, आणि ते सांगता यावे अशी अपेक्षाही नाही. परंतु तो कसा निघाला हे नंतर ज्याला विचारता येत नाही, त्याची विक्री झाली असे म्हणण्यापेक्षा त्याची लूट झाली असेच म्हणावे लागेल.