अंगणांतील कृत्रिम हिरवळ व तिची निगा

शेतकऱ्यानें आपल्या अंगणांत घालण्यासाठीं गवत दुकानांतून विकत आणावें, आणि तें गवतहि प्लॅस्टिकचें असावें, ही गोष्ट आमच्या वडील पिढीस थट्टेचीच वाटली असती. ज्यानें उभा जन्म शेतांतील हरळी खणून बांधावर टाकण्यांत घालविला, त्यास अंगणांत हिरवें पातें दिसावें म्हणून पैसे मोजण्याचें कारण कळणें कठीणच. परंतु काळ बदलला आहे. ऊस, द्राक्षें, डाळिंबें यांच्या पैशावर गांवोगांवीं नवीं घरें उभीं राहिलीं; त्यांच्या पुढील अंगणांत, गच्चीवर, कृषि-पर्यटनाच्या निवासांभोंवतीं व मंगल कार्यालयांच्या आवारांत ही कृत्रिम हिरवळ दिसूं लागली आहे. तेव्हां तिची थट्टा करून विषय सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्यांनीं ती घातली आहे त्यांनीं ती कशी राखावी, व ज्यांनीं अद्याप घातली नाहीं त्यांनीं घालण्यापूर्वीं कशाचा विचार करावा, याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडीत आहों.

विकणारे सांगतात कीं, हिला खत नको, कापणी नको, पाणी नको आणि निगाहि नको. यांपैकीं पहिलीं दोन विधानें खरीं आहेत, तिसरें अर्धेंच खरें आहे व चवथें साफ खोटें आहे. खऱ्या गवतावर पडलेला पाचोळा कुजून मातींत मिळतो. कुत्र्याची घाण पाऊस, ऊन व मातींतील सूक्ष्म जंतु मिळून नाहींशी करतात. तुटलेल्या पात्याच्या जागीं नवें पातें येतें. कृत्रिम हिरवळीस हे निसर्गाचे चाकर नाहींत. तें सर्व काम घरधन्यास आपल्या हातानें करावें लागतें. शिवाय शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक काम येतें, व आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे: ही हिरवळ व आपल्या शेताची माती यांना एकमेकींपासून दूर ठेवणें.

या वस्तूचें नांव प्रथम गाजलें तें क्रीडांगणामुळें. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं १९६५ सालीं ॲस्ट्रोडोम नांवाचें प्रचंड छप्परबंद क्रीडागृह उघडलें. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशानें खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून तीं तावदानें रंगविण्यांत आलीं. त्याबरोबर आंतील खरें गवत उन्हाअभावीं मेलें, व १९६६ सालीं तेथें नायलॉनचें गवत अंथरावें लागलें. पुढें १९७६ सालीं माँट्रियल येथील ऑलिंपिकमध्यें हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम मैदानावर झाले, व खऱ्या गवतावर वाढलेला भारतीय संघ सातव्या क्रमांकावर राहिला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. हॉकीचीं तीं मैदानें खेळापूर्वीं पाण्यानें भिजविण्याची चाल पडली, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जेथें ऊन पोहोंचत नव्हतें तेथें ही वस्तु उपयोगी पडली; आपल्याकडे तर उन्हाची वाण नाहीं. तेव्हां तिकडील सोय इकडे जशीच्या तशी लागू पडेल असें मानूं नये.

घरगुती हिरवळीचीं पातीं बहुधा पॉलिएथिलीनचीं व त्यांच्या बुडाशीं असलेला कुरळा थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हीं पातीं एका कापडांत ओवून त्यास मागून लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात व पाणी निचरण्यासाठीं त्या लेपास जागोजाग छिद्रें ठेवतात. पात्यांच्या बुडाशीं पुष्कळदां धुतलेली बारीक वाळू पसरतात. तिच्या वजनानें पट हलत नाहीं व पातीं उभीं राहतात. ही रचना समजून घेतली म्हणजे निगेचे नियम पाठ करावे लागत नाहींत. छिद्रें मोकळीं ठेवावीं, लव उभी ठेवावी आणि उष्णतेपासून जपावें, एवढेंच त्यांचें सार आहे.

निगेचा पाया मात्र हिरवळ घालण्याच्या दिवशींच पडतो. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा जमिनीवर पट तसाच अंथरला तर वर्षाच्या आंत त्यास उंचवटे व खळगे पडतात, सांधे उकलतात, व खळग्यांत सांचलेल्या पाण्यास दुर्गंधि सुटते. म्हणून वरची काळी माती काढून तेथें मुरूम व खडी घालून चांगली धुमस करावी, वर बारीक कच बसवावी, आणि घराच्या भिंतीपासून बाहेर शंभर फुटांस एक-दीड फूट असा उतार ठेवावा. काढलेली माती फुकट जाऊं देऊं नये. ती परसांतील आळ्यांत घालावी. त्या जागीं लव्हाळा असल्यास त्याच्या गांठी खणून वेंचून काढाव्या. लव्हाळ्याचा टोकदार कोंब भाजीच्या वाफ्यावरील प्लॅस्टिकचें आच्छादन भेदून वर येतो, हें मल्चिंग करणारांनीं पाहिलेंच आहे. हिरवळीच्या पटाचीहि तो भीड धरीत नाहीं.

आतां नित्याच्या झाडलोटीविषयीं. आपल्याकडे हिरवळीचा मुख्य शत्रु धूळ हा आहे. नांगरटीच्या व मळणीच्या दिवसांत तर ती थरांनीं बसते. या धुळीवर एकदम पाणी मारणें ही सर्वत्र होणारी चूक आहे. कारण तिचा चिखल होऊन तो खालीं उतरतो व छिद्रें बुजवितो. आधीं कोरडें झाडावें, मग धुवावें, हा क्रम कधींहि मोडूं नये. आठवड्यांतून एकदां कडक केसांच्या प्लॅस्टिकच्या ब्रशानें, लव ज्या बाजूस झुकली असेल तिच्या उलट दिशेनें झाडावें. म्हणजे कचराहि निघतो व पातींहि उभीं राहतात. तारेचा ब्रश किंवा लोखंडी दाताळें वापरूं नये. त्यानें पातीं चिरतात व सांधे उपटतात. नेहमींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लव लवकर बसते, तेथें दोनदां झाडावें. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानें धुतल्यास पात्यांवर पांढरी कड धरते, म्हणून तसें पाणी असेल तेथें पावसाळ्यांतील गोड्या पाण्याचा सांठा या कामीं लावावा. महिन्यादोन महिन्यांनीं एक बादली पाणी एकाच जागीं ओतून पाहावें. तें कांहीं मिनिटांत नाहींसें झालें नाहीं, तर त्या ठिकाणचीं छिद्रें भरलीं असें समजून वाळू उकरून साफ करावी.

डागांच्या बाबतींत त्वरा हेंच औषध. चहा, आमटी, सरबत हीं ताजीं असतांना साध्या पाण्यानें जातात. तेल-तूप सांडल्यास सौम्य साबणाचें कोमट पाणी वापरावें. रॉकेल, पेट्रोल किंवा तीव्र ब्लीच यांचा उपयोग करूं नये, कारण त्यांनीं पटाचा लेप किंवा पात्यांचा रंग बिघडतो. लग्नकार्यांत सांडलेल्या हळदीचा डाग साबणानें पुरता जात नाहीं; तो कडक उन्हावर सोंपवावा, ऊन त्यास आपोआप फिका करतें. चिकटलेल्या गोंदावर बर्फ ठेवावा, म्हणजे तो कडक होऊन खरवडतां येतो. कोंबड्यांची विष्ठा ओली असतां पुसूं नये. वाळूं द्यावी व मग झाडावी. कुत्र्याच्या मुतास मात्र वाट पाहूं नये. लगेच भरपूर पाणी ओतावें. वास राहिला तर पांढरें व्हिनेगर व पाणी सारख्या प्रमाणांत मिसळून शिंपडावें व थोड्या वेळानें धुवून काढावें. मूत वाळूंत मुरून राहिलें, तर उन्हाळ्यांत त्या वासानें अंगणांत बसणें अशक्य होतें.

कोंकणांत व घाटमाथ्यावर धुळीपेक्षां शेवाळाची पीडा मोठी. जेथें झाडाची किंवा भिंतीची सावली पडते तेथें तें प्रथम धरतें व पाय घसरून माणूस पडतो. पावसाच्या उघडिपींत तें ब्रशानें घासून काढावें, वरील व्हिनेगरचें पाणी शिंपडावें, आणि वरच्या फांद्या थोड्या छाटून ऊन येऊं द्यावें. कडेनें हरळी आंत शिरते, ती पाऊस पडून गेल्यावर मुळासकट हातानें उपटावी. खुरपें लावूं नये.

उष्णतेविषयीं आम्ही विशेष बजावून सांगतों. खरें गवत आपल्या पानांतून पाणी वाफेच्या रूपानें सोडीत असतें, म्हणून तें भर दुपारींहि पायास निवांत लागतें. प्लॅस्टिकला ही विद्या नाहीं. कडक उन्हांत त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याहि वर तापतो. अशा पटावर लहान मुलांस अनवाणी सोडणें म्हणजे त्यांचे तळपाय भाजूं देणें होय. पाणी शिंपडल्यानें तो निवतो खरा, परंतु थोडाच वेळ. पॉलिएथिलीन १३० अंशांच्या आंतच वितळतें. म्हणून दिवाळींतील पणत्या व फटाके, उदबत्ती, शेकोटी, चुलीवरून उतरलेलें भांडें यांपैकीं कांहींहि हिरवळीवर येऊं देऊं नये. नव्या घरांच्या मोठ्या कांचांवरून परावर्तित होणाऱ्या उन्हानेंहि पातीं वितळल्याचीं उदाहरणें आहेत. तशी तिरीप पडत असल्यास कांचेवर पडदा किंवा बाहेरून सावली करावी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अंगणाचा केर उकिरड्यांत जावा हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. त्यावर शेणखताचा खड्डा भरतो व जमीन सुपीक राहते. परंतु कृत्रिम हिरवळीच्या केरांत पाचोळ्याबरोबर तुटलेल्या पात्यांचे बारीक तंतु असतात. उन्हानें प्लॅस्टिक ठिसूळ होतें, व पट जितका जुना तितके तंतु अधिक. हा केर उकिरड्यांत गेला कीं तंतु खतांत, खत शेतांत, आणि मग ते वेंचून काढणें कोणाच्याहि हातीं राहत नाहीं. शेणखत कुजतें, पण हे तंतु कुजत नाहींत. त्यांचे फक्त अधिकाधिक बारीक तुकडे होतात. आमचें स्पष्ट मत आहे कीं, ज्या घरीं ही हिरवळ आहे तेथील तिचा केर वेगळ्या टोपलींत भरावा व तो उकिरड्यांत, कंपोस्टच्या खड्ड्यांत किंवा गांडूळखताच्या वाफ्यांत कदापि जाऊं देऊं नये. धुण्याचें पाणी चरांतून शेताकडे जात असल्यास चराच्या तोंडाशीं बारीक जाळी लावावी. वासरें व करडें यांस पटाच्या सुटलेल्या कडा चघळूं देऊं नयेत; गिळलेलें प्लॅस्टिक पोटांत सांचून जनावर दगावतें, हें सर्वांस विदित आहे.

ही भीति केवळ आमचीच नव्हे. युरोपीय संघानें २०२३ सालीं मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध घातले, व क्रीडांगणांच्या कृत्रिम हिरवळींत भरण्यांत येणाऱ्या प्लॅस्टिक व रबर यांच्या दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद करण्याचें ठरविलें. आपण घरीं असे रबरी दाणे मुळींच घेऊं नयेत. धुतलेली वाळू पुरेशी आहे.

पट निकामी झाल्यावर त्याचें काय करावें, हा प्रश्न विकत घेतांनाच विचारावा. निरनिराळीं प्लॅस्टिकें, लेप व वाळू एकत्र असल्यानें त्याचा पुन्हां उपयोग करणें अवघड असतें. तो बांधावर टाकूं नये, ओढ्यांत लोटूं नये व जाळूं तर नयेच. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादानें २०१६ सालीं देशभर मनाई केली आहे, व त्या धुराचा पहिला त्रास आपल्याच घरास होतो. जुना पट परत नेण्याची हमी विकणाराकडून लेखी घ्यावी. एकटा गिऱ्हाईक ही मागणी करील तर ती कानांआड होईल; संस्थेच्या सभासदांनीं मिळून केल्यास व्यापाऱ्यास ऐकावी लागेल.

मग ही हिरवळ घालावीच काय? एकच बाजू मांडणें आम्हांस मान्य नाहीं. शंभर चौरस मीटर खऱ्या हिरवळीस उन्हाळ्यांत रोज ५ मिलिमीटर पाणी दिलें तर ५०० लिटर लागतें. माण, खटाव, जत, सांगोला यांसारख्या तालुक्यांत, जेथें जनावरांच्या पाण्यासाठीं टँकर येतात, तेथें शोभेच्या गवतावर हें पाणी ओतणें अन्यायाचें होईल. गच्चीवर किंवा फरसबंद चौकांत, जेथें माती नाहीं व केर वेगळा ठेवतां येतो, तेथें लहानसा पट घालण्यास आमची हरकत नाहीं. परंतु ज्याच्या दारीं माती आहे व थोडें पाणी आहे, त्यानें तीच उपटून टाकलेली हरळी अंगणांत लावावी; ती तुडविली तरी मरत नाहीं, पाणी कमी पडलें तर पिंवळी पडते व पहिल्या सरीस पुन्हां हिरवी होते, आणि तिच्याच दूर्वा गणपतीस चालतात. ज्यास तीहि झेपत नाहीं त्यानें सारवलेलें अंगण, तुळशीवृंदावन व दारापुढें कडुलिंबाची सावली यांत कमीपणा मानूं नये.

ज्यांनीं पट घातलाच आहे त्यांनीं तो झाडावा, धुवावा, जपावा; पण त्याचा केर उचलतांना उकिरड्याकडे वळणारे हात आवरावे. अंगणाची शोभा दहा वर्षांची आहे. शेताची माती नातवंडांच्या स्वाधीन करावयाची आहे.