कॅलेंडर सामायिक, पण लिहिणार कोण?

गुगलचे कॅलेंडर २००६ साली आले. आज ते अँड्रॉइड फोनवर फुकट मिळते. एकाने तारीख टाकली की सगळ्या सहकाऱ्यांना दिसते. तरीही "उद्या दुपारी एक वाजता तातडीची मीटिंग" हा निरोप रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपवरच येतो.

शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही, ही सबब मला पटत नाही. सरल आणि यू-डायसची माहिती ऑनलाइन भरणारे हेच शिक्षक आहेत. खरे कारण वेगळे आहे. सगळ्यांना दिसणारे कॅलेंडर वरिष्ठांनाही बांधून ठेवते. आयत्या वेळी बोलावण्याची मुभा त्यामुळे जाते आणि ती सोडायला कुणी तयार नसते. म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅलेंडर असते, पण त्यात लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो. बाकीच्यांनी फक्त पाहायचे. असे कॅलेंडर म्हणजे भिंतीवरची नोटीसच, फक्त मोबाइलमध्ये आलेली.

आपल्यासाठी हा प्रश्न जास्त जवळचा आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे आपले सण दरवर्षी अलीकडे सरकतात आणि चाँदवर एखादा दिवस पुढेमागे होतात. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने सुट्टी २९ तारखेला दिली. छापील कॅलेंडरमध्ये हा बदल कोण करणार? सामायिक कॅलेंडरमध्ये तो एका मिनिटात होतो.

जुम्म्याचेही तसेच. "शुक्रवार, दुपारी एक ते दोन, नमाज" ही नोंद एकदा केली की दर आठवड्याला आपोआप दिसते. मग दर शुक्रवारी साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहून परवानगी मागावी लागत नाही. हेच बाळाला लस द्यायला नेणाऱ्या बाईंचे आणि आषाढी वारीला जाणाऱ्या सरांचे. नोंद आधीच दिसत असली की ती सवलत राहत नाही, नियोजनाचा भाग होते.

म्हणून नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येकाला त्यात लिहिता यावे आणि मीटिंग ठरवण्याआधी मुख्याध्यापकांनीही ते उघडून पाहावे. एवढे होणार नसेल, तर स्टाफरूममधला फळा काय वाईट आहे? तिथे निदान खडू सगळ्यांच्या हाताशी असतो.