फाटकाबाहेरची पंधरा मिनिटे

बेळगावचा हिवाळा आपल्या व्यवसायात दमा, सर्दी-खोकला आणि सांधेदुखीचा हंगाम म्हणून ओळखला जातो. शाळकरी मुलांच्या दृष्टीने तो रस्त्यावरील सर्वांत अवघड हंगामही असतो, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. खेड्यातून बसने येणारे मूल घर सोडते तेव्हा झुंजुमुंजूच असते. अंगात गडद निळा स्वेटर आणि कानांवरून ओढलेली कानटोपी. म्हणजे चालकाला मूल दिसत नाही आणि मुलाला वाहन ऐकू येत नाही. धुके विरले की कोवळे ऊन पूर्वेकडे जाणाऱ्या चालकाच्या थेट डोळ्यांत शिरते.

याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम भरात असतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. दोन्ही अंगांना ऊस हात-हातभर बाहेर आलेला असतो आणि मागचा दिवा असलाच तर वाड्याखाली झाकलेला असतो. इकडे बेळगावात, २०१२ साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाल्यापासून, डिसेंबरच्या सुमारास हिवाळी अधिवेशन भरते. मंत्र्यांचे ताफे, मोर्चे, वळवलेली वाहतूक आणि शाळेची घंटा यांची वेळ नेमकी एकच येते.

आपल्या ख्रिस्ती शाळांना हा प्रश्न अधिक जाचतो, त्याला कारण आहे. कॅम्पातील सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ सालचे. त्या काळी रस्त्यावर पायी चालणारे, बैलगाड्या आणि लष्करी घोडे. प्रशस्त मैदान, जुनी झाडे आणि भक्कम कुंपण हे मिशनऱ्यांच्या शाळांचे वैभव, आणि मूल एकदा आत गेले की निर्धास्त झालो, हा पालकांचा विश्वास. आज मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशा सर्व घरांतील मुले या शाळांत शिकतात आणि त्यांची वाहने जुन्याच रस्त्यांवर येऊन थांबतात. त्यात डिसेंबरमध्ये क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन आणि नाताळच्या गाण्यांच्या तालमी असतात. सुटण्याची वेळ रोज निराळी होते आणि सहा वाजल्यानंतर अंधार पडू लागतो.

शाळेच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की कॅमेरे, पहारेकरी, ओळखपत्रे यांवर बराच खर्च होतो. तो व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या मते खरा धोका भरताना आणि सुटताना फाटकाबाहेरच्या पंधरा मिनिटांत असतो, आणि तो निर्माण करणारे बहुतांशी आपणच, म्हणजे पालक, असतो. मूल फाटकाशीच उतरले पाहिजे, हा आग्रह स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांचा सर्वांत मोठा. त्यात आमच्या डॉक्टर मंडळींचा वाटा लक्षणीय आहे. एकाची मोटार दुसऱ्याच्या मुलाला झाकते आणि तिच्या आडून ते मूल रस्त्यावर येते.

‘मुलांना नीट शिकवले की पुरे’ हा युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिले की लहान मूल वाहतुकीशी पूर्णपणे जुळवून घेऊच शकत नाही. येणाऱ्या वाहनाची गती आणि अंतर यांचा अंदाज, आवाजाची दिशा ओळखणे, या क्षमता वयानुसार सावकाश येतात. सात वर्षांच्या मुलाला सावध राहा असे बजावून आपण आपली जबाबदारी त्याच्या दप्तरात घालतो. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर दगावली, तेव्हा तेथील पालकांनी रस्ते अडवून आंदोलन उभारले. पुढे तेथे रस्त्यांची रचनाच बदलत गेली, हे आपण ध्यानात घ्यावे.

कायदे आपल्याकडेही आहेत. २०१९च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे उभे असलेले मूल बोडके, हे दृश्य कोणत्याही शाळेपुढे दिसते.

करता येण्याजोगे बरेच आहे. प्राथमिक व माध्यमिक वर्ग वीस मिनिटांच्या अंतराने सोडावेत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना शंभर पावले एकही खासगी वाहन थांबू नये. आवारात बस मागे घेताना वाहकाने खाली उतरून मागे उभे राहिल्याशिवाय चालकाने गिअर टाकू नये. शाळेच्या वेळेत जड वाहने आणि उसाच्या ट्रॉल्या शाळांच्या रस्त्यांवरून जाऊ देऊ नयेत, आणि कारखान्यांनी मागे परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये. अडचण आहे ती हद्दीची. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, पलीकडे महानगरपालिका, वाहतुकीला पोलीस, आणि निपाणीकडे महामार्गाचे खाते. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. शाळांनी स्वतंत्र अर्ज देत बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच निवेदन द्यावे.

शंभर पावले चालताना मुलांना थंडी बाधेल, अशी हरकत निघेल. बेळगावच्या थंडीत शंभर पावले चालून आजारी पडलेले मूल मी तरी पाहिलेले नाही.

आपल्या संघटनेकडूनही एक अपेक्षा आहे. अपघातात सापडलेले मूल आले की आपण जखमेची तपशीलवार नोंद करतो. ठिकाण मात्र ‘रस्ता’ एवढेच लिहितो. नेमकी जागा, वेळ, वाहनाचा प्रकार आणि हेल्मेट होते की नाही, एवढी चार उत्तरे प्रत्येक रुग्णालयाने लिहून ठेवली आणि रुग्णाचे नाव वगळून दर महिन्याला संघटनेच्या चिटणिसांकडे पाठवली, तर पुढच्या गळीत हंगामापूर्वी कोणत्या शाळेपुढे, कोणत्या वळणावर आणि किती वाजता पोलीस उभा हवा, हे आपल्याला आकड्यांनिशी सांगता येईल. त्यासाठी लागणारा छापील तक्ता एका पानाचा आहे.