तेजी-मंदीची एम्.एस्सी.

२०२५ च्या गणपतीत आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आरतीला आला. आरती झाली, प्रसाद झाला, आणि चिरंजीव ओसरीवर माझ्याशेजारी बसून म्हणाले, "सर, मी एम्.एस्सी. करतोय. घरबसल्या, ऑनलाइन."

"कशात रे?"

"फायनान्शियल डेरिव्हेटिव्ह्जमध्ये."

मी पडलो मॅट्रिक. जरा विचार करून म्हणालो, "म्हणजे वायदे आणि तेजी-मंदी ना?" त्यावर तो हसला. शिकलेला माणूस अडाण्याकडे पाहून हसतो, तसा. "तसं नाही सर. यात स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस असतं."

असेल बापडे! पण नाव बदलले म्हणून कूळ बदलत नाही. पुढे यायच्या मालाचा भाव आज ठरवायचा, तो वायदा. ठरल्या भावाने घेण्याचा नुसता हक्क चार पैसे मोजून राखायचा, ती तेजी. विकण्याचा हक्क राखायचा, ती मंदी. मुंबईच्या कापूसबाजाराला ही भाषा कित्येक पिढ्यांपासून पाठ आहे. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स या दोन विद्वानांनी अशा हक्काची किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. सूत्र फार देखणे आहे, असे जाणकार म्हणतात. मी त्याच्या वाटेला जात नाही. या कामगिरीबद्दल शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. आणि दुसऱ्याच वर्षी हे दोघे जिच्यात भागीदार होते ती लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाची अमेरिकन पेढी अशी कोसळली, की तिला सावरायला चौदा बड्या बँकांना आणि पेढ्यांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले.

"हे शिकवतात का तुला?" मी विचारले.

"एक स्लाइड आहे, सर."

एक स्लाइड! माझे भांडण आहे ते इथेच. घरबसल्या शिकण्याशी माझे काडीचे वैर नाही. मुंबईत खोली घेऊन राहणे न परवडणाऱ्या हिंगोलीकडच्या मुलीला आय.आय.टी.च्या प्राध्यापकाचे व्याख्यान एनपीटीईएलवर फुकट ऐकता येते, हे मी या काळाचे पुण्य समजतो. गणिताशीही वैर नाही. मास्तराने गणिताशी वैर धरून कसे चालेल? पण या विद्येच्या पहिल्या पानावर नेहमी एक शेतकरी उभा असतो. भाव पडेल या भीतीने तो वायदा करतो आणि निर्धास्त झोपतो. त्याच्या पुण्याईवर पुढचा सगळा ग्रंथ उभा. म्हणून मी चिरंजीवांना गणित घातले: "तुझ्या वडिलांचे वीस क्विंटल सोयाबीन दिवाळीत निघेल. त्याचा भाव आज बांधून दाखव." त्याने कागद घेतला, पेन उघडले, आणि थांबला. "सर, सोयाबीनचा वायदाच बंद आहे."

होता खरा. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले, आणि पुढे त्या बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. शेतकऱ्याच्या नावाने सुरू झालेल्या शास्त्रात शेतकऱ्यालाच दार बंद! मग उघडे काय होते? निफ्टी. ही निफ्टी कोणत्या शिवारात पिकते? ज्याच्याजवळ शेअरांची थप्पी आहे त्याला निफ्टीची मंदी विम्यासारखी उपयोगी पडते, हे मला कबूल आहे. पण माझ्या विद्यार्थ्याजवळ शेअर नव्हते, थप्पी तर नव्हतीच.

सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अहवाल आहे. २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या या वायद्यांत आणि तेजी-मंदीत एक कोटीहून अधिक माणसे उतरली. त्यांतली ९३ टक्के तोट्यात गेली. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते. म्हणजे ही माणसे कोण? तुमच्या-आमच्या घरातली. इथे एकाने मिळवलेले ते दुसऱ्याने गमावलेले असते, वर दलाली आणि कर निराळे. मग मिळवले कोणी? २०२३-२४ मध्ये दलाल पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी मिळवले, आणि त्यातला बहुतेक सगळा नफा संगणकाकडून आपोआप व्यवहार करवणाऱ्यांचा. ते संगणक रचतो कोण? असल्याच पदव्या घेतलेली हुशार मुले.

तेव्हा या विद्येने दोन पाट मांडले आहेत: एक वाढणाऱ्याचा, एक ताटात पडणाऱ्याचा. पदवी देणारे मुलाला सांगत नाहीत की तू कोणत्या पाटावर बसला आहेस. मुलाला वाटते, सूत्र आले म्हणजे आपण वाढप्यांत आलो. आमच्या पाचवीच्या नफा-तोट्याच्या गणितात निदान गाय विकत घेणारा तरी दिसतो! इथे समोरचा माणूसच दिसत नाही. आणि ज्या फोनवर व्याख्यान, त्याच फोनवर बाजार. बोट दोन इंच सरकवले की वर्गातून थेट फडावर.

चिरंजीवांचे बोट सरकले होते. फार वेळ आढेवेढे घेऊन त्याने सांगितले: वडिलांनी आदल्या हंगामाचे सोयाबीन विकून सत्राची फी दिली होती, आणि त्यातली निम्मी 'प्रॅक्टिकल'मध्ये गेली होती. घरी अजून ठाऊक नव्हते.

ज्यांनी हे अभ्यासक्रम काढले आहेत त्यांना मी विचारतो, सूत्राच्या आधी तो सेबीचा अहवाल सक्तीने वाचायला लावायला तुमचे काय जाते? दरेक उदाहरणाखाली 'समोरचा कोण होता आणि त्याचे काय झाले' एवढी एक ओळ मुलांकडून लिहून घ्यायला कोणता कॅल्क्युलस आड येतो? की मग प्रवेश कमी होतील, ही धास्ती आहे?

मी कपाटातून दोनशे पानी वही काढून त्याच्या हाती दिली. म्हटले, "आजवरचे सगळे व्यवहार तारीखवार लिही. जमा इकडे, खर्च तिकडे."

"सर, ॲपमध्ये असतं सगळं."

"हाताने लिही. आणि आधी वडिलांना दाखव."

वही घेऊन गेला आहे. दिवाळीत येतो म्हणाला.