घरपट्टीतली शाळा



दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आपले ओहायोतले मराठी मंडळ दरवर्षी गावातल्या हायस्कूलचे सभागृह भाड्याने घेते. यंदा तालमीच्या दिवशी दिवे तपासायला मी तासभर लवकर गेले. विंगेतल्या भिंतीवर शाळेच्या नाटकांत काम केलेल्या मुलांनी ब्रशने आपापली नावे लिहून ठेवली आहेत, सालासकट. अगदी वरचे नाव १९७४ चे. नजर खाली उतरत जाते तशी नावे बदलत जातात आणि कमरेच्या उंचीवर कुलकर्णी, शिंदे, देशपांडे दिसू लागतात. त्यांची नाटके आपण पुढच्या रांगेत बसून पाहिली आहेत. पण १९७४ च्या त्या मुलासाठी हा रंगमंच कोणी उभा केला, हे मी कधी मनात आणले नव्हते.

ज्यांनी तो उभा केला, त्यांना आपण ओळखतही नाही. स्वतःची घरपट्टी वाढवून घ्यायला त्यांनी मतपेटीतून होकार दिला होता. आपण ‘शाळा चांगली आहे’ म्हणून या गावात घर घेतले, तेव्हा ती चांगली शाळा आयती मिळाली.

आता तोच प्रश्न आपल्यापुढे आला आहे. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे संपली की तळाशी शाळेची लेव्ही, म्हणजे शाळेसाठी जादा घरपट्टीचा प्रस्ताव, असेल. अंगणाअंगणात पाट्या लागल्या आहेत, टपालातून पत्रके येत आहेत. चकल्या पाडता पाडता त्यावर बोलणेही होते. ते बहुतेक एकाच वाक्यावर थांबते : “घरांच्या किमती एवढ्या वाढल्या, शाळेला आणखी किती पैसे हवेत?”

शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट समजून घेऊ. ओहायोत १९७६ पासून एक कायदा आहे, ‘हाउस बिल ९२०’. मतदारांनी मंजूर केलेल्या लेव्हीवर त्याचा अंकुश आहे. फेरमूल्यांकनात घराची किंमत वाढली की लेव्हीचा दर त्या प्रमाणात खाली येतो आणि जुन्या घरांकडून मिळणारी रक्कम जवळपास तेवढीच राहते. घर दुप्पट महागले म्हणून शाळेच्या हाती दुप्पट पैसे पडत नाहीत. डिझेल, आरोग्यविमा, शिक्षकांचे पगार मात्र वाढत राहतात. त्यामुळे दर काही वर्षांनी शाळेला पुन्हा आपल्या दाराशी यावे लागते. ही उधळपट्टीची खूण नव्हे. कायद्याची घडणच अशी आहे.

आता हिशेब. घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्के रकमेवर इथे कर लागतो आणि एक मिल म्हणजे त्यातल्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. तीन लाखांच्या घरावर ५ मिलची नवी लेव्ही बसली तर वर्षाला ५२५ डॉलर, महिन्याला साधारण ४४. रक्कम लहान नाही. निवृत्त जोडप्याला ती जाणवते, आणि त्यांच्या तक्रारीला मी कधीही कंजूषपणा म्हणणार नाही. ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या कमी उत्पन्नाच्या घरमालकांसाठी होमस्टेड सवलत आहे. आपल्यातल्या ज्येष्ठांनी काउंटी ऑडिटरच्या कार्यालयात तिची चौकशी जरूर करावी.

लेव्ही पडली तर काय होते, तेही पाहू. कायद्याने बस द्यावी लागते ती आठवीपर्यंतच्या आणि शाळेपासून दोन मैलांहून दूर राहणाऱ्या मुलांनाच. म्हणून कात्री चालली की बहुधा हायस्कूलच्या बस आधी बंद होतात. खेळांची फी वाढते, वर्गात मुले वाढतात, संगीताचे तास कमी होतात. ज्या घरी दुसरी गाडी नाही, जिथे आई पहाटेच्या पाळीला जाते, त्या घरच्या मुलाचे नुकसान सगळ्यांत जास्त.

या पद्धतीत अन्याय आहे, हेही लपवू नये. श्रीमंत उपनगरात एका मिलला जेवढे पैसे जमतात, तेवढे पेरी काउंटीसारख्या ग्रामीण भागात जमत नाहीत. तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या नावाने ‘डिरॉल्फ’ खटला उभा राहिला. घरपट्टीवर एवढी भिस्त ठेवणारी ही व्यवस्था घटनाबाह्य असल्याचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. पैसा कोणाच्या कष्टाचा आणि शिक्षण कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडला होता. तो इथेही जिवंत आहे. त्याचे उत्तर आपण राज्य सरकारकडे मागत राहू. पण तोवर आपल्या गावातल्या मुलांची इयत्ता थांबून राहत नाही.

मला या वेळी गोपाळ कृष्ण गोखले फार आठवतात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात मांडले. शिक्षणासाठी खास कर बसवण्याची मुभा त्यात स्थानिक संस्थांना होती. गावाने आपल्या मुलांसाठी स्वतः पट्टी द्यावी, एवढी ती साधी मागणी होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांच्या बाजूला १३ मते होती. आज तोच कौल द्यायचा अधिकार आपल्यातल्या प्रत्येक नागरिकाच्या हातात आहे, आणि तो न वापरता घरी बसणे मला सहन होत नाही.

आपल्यातले कित्येक जण ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. ते घरपट्टी भरतात, त्यांची मुले याच शाळेत जातात, पण त्यांना मत नाही. ज्यांना आहे, त्यांच्यावर म्हणूनच दुहेरी जबाबदारी येते. ज्यांची मुले शिकून बाहेर पडली, त्यांना तर माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या मुलांच्या वेळी ज्या शेजाऱ्यांनी होकार दिला, त्यांचीही मुले तेव्हा केव्हाच मोठी झाली होती. मी लेव्हीच्या बाजूने मत देणार आहे. तुम्ही शाळेचा ताळेबंद वाचा, शिक्षण मंडळाच्या बैठकीला जा, अवघड प्रश्न विचारा. पण मत द्या.

  

कार्यक्रमाला याल तेव्हा मध्यंतरात मुलांना घेऊन विंगेत जा आणि ती भिंत पाहा. खाली अजून हातभर जागा कोरी आहे.

— संपादक