रक्तदानापूर्वीचे सत्यकथन



२ जुलै हा यवतमाळचे स्वातंत्र्यसेनानी जवाहरलाल दर्डा यांचा जन्मदिवस. २०२१ मध्ये याच दिवसापासून ‘लोकमत’ने राज्यभर रक्तदान मोहीम राबविली. महावीर जयंतीलाही आपल्या समाजात ठिकठिकाणी शिबिरे होतात. उत्साह मोठा असतो. परंतु नोंदणी-अर्जातील ‘अलीकडे लस, इंजेक्शन वा औषध घेतले आहे काय?’ या प्रश्नापुढे अनेकजण घाईने ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. ही घाई कोणा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

नियम समजून घेऊ. धनुर्वाताचे इंजेक्शन किंवा कोविडची लस घेतल्यास १४ दिवस थांबावे. कोविड लसीसाठी आरंभी २८ दिवसांची अट होती. रक्ताचा तुटवडा जाणवू लागल्यावर मे २०२१ मध्ये ती १४ दिवसांवर आली. गोवर, रुबेला यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसींनंतर मात्र २८ दिवस आवश्यक आहेत, कारण तो क्षीण केलेला विषाणू दुर्बल रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. आपल्या कापूस पट्ट्यात सर्पदंश नवा नाही. प्रतिविष दिले गेले असल्यास तेवढाच अवधी पाळावा. कुत्रा चावल्यामुळे रेबीजची लस घेतली असेल, तर एक वर्ष. येथे भय लसीचे नसून दंशाचे आहे. हा रोग शरीरात दीर्घकाळ सुप्त राहू शकतो.

औषधांचेही असेच. ॲस्पिरिनने प्लेटलेट्सचे कार्य मंदावते, म्हणून प्लेटलेट्ससाठी रक्त देताना तीन दिवसांचे अंतर हवे. जंतुसंसर्गासाठी घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचा शेवटचा डोस होऊन १४ दिवस जावेत. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्या तरी चार आठवड्यांत मात्रा बदललेली नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर रक्त देता येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये.

आपल्या घरांसाठी एक विशेष सूचना. उपवासाच्या दिवशी रक्तदान करू नये. पर्युषणात तप करणाऱ्यांनी पारणे होऊन शक्ती भरून आल्यावरच शिबिराची वाट धरावी. तप आणि दान दोन्ही थोर. पण एकाच दिवशी नकोत.

केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागांतील सिकलसेलग्रस्त बालकांना रक्ताची गरज पुनःपुन्हा भासते. अशा बालकाला पिशवीतील रक्त कोणाचे, हे विचारता येत नाही. ते दात्याच्या शब्दावर विसंबून असते. व्यापारात पेढीची पत शब्दावर चालते, तशीच रक्तपेढीचीही.

म्हणून आपल्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि डॉक्टरांना सर्व काही सांगावे. त्यांनी ‘आज नको’ म्हटले, तर त्यात अपमान नाही. दिनदर्शिकेवर पुढील तारखेची खूण करावी आणि त्या दिवशी अवश्य जावे. पुण्य चौदा दिवसांनी कमी होत नाही.