सदावर्त नको, राजमार्ग हवा!

‘फुकट ते पौष्टिक’ ही आपल्याकडील जुनी म्हण. 2025 साली दूरध्वनी कंपन्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची महागडी साधने वर्ष-दीड वर्षाच्या मुदतीने ग्राहकांच्या पदरात फुकट टाकली, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. दात्याचे आभार मानण्यास आमची हरकत नाही. परंतु ज्या समाजाची स्मरणशक्ती शाबूत आहे, त्याने असले दान स्वीकारण्यापूर्वी मागील एक जमाखर्च उघडून पाहावा. तो जमाखर्च ‘फ्री बेसिक्स’चा होय.

जगातील दरिद्री जनतेला इंटरनेटशी जोडून देण्याचा विडा फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी 2013 साली उचलला. फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने त्यांची योजना महाराष्ट्रासह काही राज्यांत अवतरली आणि त्याच वर्षी तिचे ‘फ्री बेसिक्स’ असे बारसे झाले. योजना ऐकण्यास गोड होती. हवामान, नोकऱ्या, आरोग्य यांची निवडक संकेतस्थळे आणि अर्थातच फेसबुक, एवढे फुकट; उरलेल्या अफाट जगासाठी मात्र पैसे मोजा! या यादीत शिरण्याचे नियम कोणी करावयाचे? फेसबुकने. ये-जा कोणाच्या यंत्रांतून व्हावयाची? फेसबुकच्याच. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

कोणी म्हणेल, उपाशी माणसाला अर्धी भाकरी मिळत असेल तर ती का हिरावता? झुकरबर्ग यांनीही हाच युक्तिवाद केला. 28 डिसेंबर 2015 रोजी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून त्यांनी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला: त्याला हवामान कळते, बाजारभाव कळतो, मग विरोध कशासाठी? दाखला खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. तो अपुरा होता, हे आमचे म्हणणे आहे. शेतकऱ्याला भाव ऐकावयाचा असतो, तसाच तो भाव पाडणाऱ्याविरुद्ध चार शब्द बोलावयाचेही असतात. त्याने ते कोठे बोलावे? फेसबुकवर? म्हणजे ज्याचा वाडा, त्याच्याच ओसरीवर आणि त्याच्याच मर्जीने! गरिबाला कान आहेत, हे या दात्यांना समजले. त्याला तोंडही आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नाही.

भारतीय जनतेने दिलेले उत्तर अभिमानास्पद आहे. इंटरनेटच्या समान वापराचा प्रश्न 2015 च्या वसंतात पुढे आला, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेली. 8 फेब्रुवारी 2016 रोजी प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली आणि ‘फ्री बेसिक्स’ने गाशा गुंडाळला. तेव्हा फेसबुकच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रीसन यांच्या पोटातले ओठावर आले. वसाहतवादाला विरोध करूनच भारताने आपले आर्थिक वाटोळे केले, अशा अर्थाचा टोमणा त्यांनी मारला. गदारोळ होताच तो मागे घेऊन त्यांनी क्षमा मागितली. झुकरबर्ग यांनीही हात झटकले. मग गरीब वाऱ्यावर सुटला काय? मुळीच नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात उतरली, चढाओढ पेटली, दर कोसळले आणि अर्ध्या भाकरीऐवजी सबंध इंटरनेट सामान्य माणसाच्या हाती आले. हे औदार्याने घडले नाही, स्पर्धेने घडले!

एकाच दाराच्या वाड्याचा दुसरा धोका इजिप्तने पाहिला. डिसेंबर 2015 च्या अखेरीस तेथे ही सेवा एकाएकी बंद पडली. सरकारला हेरगिरीची मुभा देण्यास फेसबुकने नकार दिला, म्हणून ती बंद पाडण्यात आली, असे वृत्त रॉयटर्सने पुढे दिले. त्या नकाराबद्दल कंपनीला शाबासकी देऊ. पण धडा विसरू नये. दार एकच असले की अडसर घालणाऱ्याचे काम सोपे होते.

म्हणून उद्योजक हा गरिबांचा शत्रू असे आम्ही म्हणतो काय? तसे कोणी समजू नये. डिसेंबर 2007 मधील निवडणुकीनंतर केनियात रक्तपात झाला आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. तेव्हा काही ब्लॉगलेखकांनी आणि तंत्रज्ञांनी 2008 च्या प्रारंभी अवघ्या काही दिवसांत ‘उशाहिदी’ उभी केली. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’. ज्याने जे पाहिले ते त्याने साध्या मोबाइलवरून कळवावे आणि ते नकाशावर सर्वांस दिसावे, अशी ही योजना. 2010 साली हैतीच्या भूकंपात तीच मदतकार्याच्या उपयोगी पडली. सामाजिक प्रश्नावर उपाय शोधणारा उद्योग असा असतो! तो गरिबाला याचक मानीत नाही, साक्षीदार मानतो.

सरकारांनीही या कथेवर खुशाल टाळ्या पिटू नयेत. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने फेसबुकवर बंदविषयी चार शब्द लिहिले आणि दुसरीने त्यांना पसंती दर्शविली, एवढाच अपराध. हे महाराष्ट्रात घडले, हे सांगताना आमची मान खाली जाते. ज्या 66अ कलमाने अशा अटकांना बळ दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. पुढे 10 जानेवारी 2020 रोजी, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणी, त्याच न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरील भाषणस्वातंत्र्य आणि इंटरनेटद्वारे होणारा व्यापार-व्यवसाय या दोहोंना घटनेचे संरक्षण आहे. आमच्या म्हणण्याचे सार हेच. बोलणाऱ्याचा आणि उद्योग करणाऱ्याचा रस्ता एकच आहे. तो एकासाठी अडविला की दुसऱ्यासाठीही अडतो.

तेव्हा उद्या कोणी नवे सदावर्त घेऊन दारात आला, तर वाचकांनी त्याला तीनच प्रश्न विचारावेत. आत काय असावे, हे कोण ठरविणार? बाहेरचा रस्ता आम्हांस तितकाच मोकळा राहील काय? आणि तुमच्याविरुद्ध बोलावयाचे झाल्यास आम्ही ते येथे बोलू शकू काय? उत्तर देताना दाता अडखळला, तर त्याला नम्रपणे, परंतु स्पष्ट शब्दांत सांगावे: बाबा रे, तुझी अर्धी भाकरी तुलाच लखलाभ! आमचा रस्ता तेवढा मोकळा सोड. भाकरी आम्ही कमावू.